जखमी नंबर सात

सोजरबाई गप्प बसली आहे, असं मार्केट यार्डाच्या कांदा-बटाटा विभागात कुणी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी सातला ती वाघोलीहून बसनं यायची, गाळ्यापुढच्या फरशीवर बारदान अंथरायची, पदर कमरेला खोचून कांदे निवडायला बसायची, आणि तिथून तिचं तोंड सुरू व्हायचं. हात सडका कांदा एकीकडे आणि मोड आलेला दुसरीकडे टाकत राहायचे. तोंडानं मात्र कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, बसमध्ये कंडक्टर काय म्हणाला, आपल्या खोलीमागं आणखी एक बावीस मजली इमारत कशी उभी राहिली, हे चालू असायचं. शेजारची कौशल्या नेमकी उलट. हाक मारली तरी नुसती मान वर करून बघायची. अठ्ठावीस वर्षं दोघी शेजारी बसत होत्या आणि एकदाही भांडल्या नव्हत्या, कारण भांडायला समोरचीनंही बोलावं लागतं.

त्या वर्षी मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली. अडत्यांच्या मोबाइलवर दिवसभर बातम्या ओरडत असायच्या. हमाल पोती उतरवता उतरवता विचारायचे, पुण्यावर विमानं येतील का. एक म्हणायचा, येणार, इथं लष्कर आहे. दुसरा म्हणायचा, लष्कराचं राहू दे, हिंजवडीत सगळ्या जगाचे कंप्युटर आहेत, आधी तिकडं जातील. सोजरबाईचा दीर संपत हा हमालांच्या एका टोळीचा प्रमुख होता. तो म्हणाला, हिंजवडीला जायचं तर विमानालासुद्धा दोन तास लागतील. सगळे हसले, पण हसून झाल्यावर एक-दोघांनी वर आभाळाकडे बघितलंच.

अशात एके दिवशी नागरी संरक्षण दलाचे एक प्रशिक्षक यार्डात आले. दिग्विजय त्यांचं नाव. वय पस्तिशीचं, खाकी कपडे कडक इस्त्रीचे आणि बोलणं त्याहून कडक. त्यांनी गाळ्यापुढं सगळ्यांना जमवून सांगितलं, की बुधवारी दुपारी चार वाजता इथं हवाई हल्ल्याचा सराव होईल. भोंगा वर-खाली होत वाजला की धोका, सरळ एकसुरी वाजला की धोका टळला. पहिला भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून आडोशाला जायचं, भिंतीला धरून पालथं पडायचं, कानांवर हात घ्यायचे. स्ट्रेचर उचलायला हिंजवडीच्या कंपन्यांतले स्वयंसेवक येणार होते. कमी होती ती फक्त जखमींची. एका कॉलेजची बारा मुलं जखमी व्हायला येणार होती, पण त्यांची परीक्षा निघाली. तेव्हा इथलेच बारा जण हवेत, असं ते म्हणाले.

कुणी पुढं होईना. खोटं का असेना, जखमी होणं हे बऱ्याच जणांना अपशकुनी वाटलं. सोजरबाईनं हात वर केला. कारण विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, की तिनं आजवर पुष्कळ ओझी उचलली, पण तिला कुणी उचललेलं तिच्या आठवणीत नाही, तेवढं एकदा बघायचंय. तिनं हात वर केला म्हणून कौशल्यानं केला, आणि कौशल्यानं केल्यावर बाकीच्यांना लाज वाटली.

बुधवारी तीन वाजता दिग्विजयांनी गळ्यात घालायची पुठ्ठ्याची कार्डं वाटली. सोजरबाईला मिळालं सात नंबरचं. लाल फीत, आणि खाली लिहिलेलं: डोक्याला मार, बेशुद्ध. कौशल्याच्या आठ नंबरवर होतं: पाय मोडला, जोरजोरात ओरडत आहे.

दिग्विजयांनी समजावलं, की बेशुद्ध माणूस बोलत नाही, डोळे उघडत नाही, डॉक्टरांनी तपासेपर्यंत हलतसुद्धा नाही. सोजरबाईनं ते ऐकून घेतलं आणि ही कार्डं उलटी वाटली गेलीत, असं स्पष्ट सांगितलं. ओरडायचं काम तिला द्यावं, तिचा आवाज फूलबाजारापर्यंत जातो. कौशल्याला बेशुद्ध करावं, ती तशी रोजच असते. दिग्विजय म्हणाले, यादी डॉक्टरांकडे पोचली आहे, आणि बॉम्ब कुणाचा स्वभाव विचारून पडत नाही. सोजरबाईला ते पटलं नाही, पण तिनं कार्ड गळ्यात घातलं.

मग रक्ताची वेळ आली. प्रियदर्शनी नावाची एक मुलगी स्वयंसेवकांची प्रमुख होती. मूळची यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला, कपाळावर घामाचे थेंब आणि हातात टोमॅटो सॉसची बाटली. सॉस बघून सोजरबाईनं डोकं मागं घेतलं. उन्हात तासभर पडायचं, त्यात गोड सॉस, म्हणजे बॉम्बच्या आधी मुंग्या येणार. तिनं भाजी विभागातून दोन बिटं मागवली, दगडावर ठेचली आणि बाराही जणांच्या कपाळा-गुडघ्यांना स्वतःच रस लावला. प्रियदर्शनीनं ते शिकून घेतलं आणि वहीत टिपूनही ठेवलं.

बरोबर चारला भोंगा वाजला. खालून वर चढत गेला, खाली उतरला, पुन्हा चढला. हमाल आणि अडते आडोशाला गेले खरे, पण निम्म्यांनी मोबाइल बाहेर काढून हात उंच केले. दिग्विजय कर्ण्यावरून शांतपणे म्हणाले, "विमानासाठी पोझ द्यायची असेल तर तसं सांगा, आपण रांग लावू." मोबाइल खिशात गेले.

सोजरबाई गाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारदानावर डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळानं भोंगा थांबला आणि मग तिला जे ऐकू आलं, ते तिनं अठ्ठावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. काहीच नाही. टेम्पोचा हॉर्न नाही, लिलावाचा पुकारा नाही, हातगाडीचं चाक नाही. दूर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज तेवढा येत होता. हे खरंच झालं तर, असं तिच्या मनात आलं. तर कौशल्या कुठं पळेल? तिच्या तोंडून तर हाकसुद्धा निघणार नाही. चहावालीचं तान्हं मूल टेबलाखाली झोळीत असतं, हे कुणाला माहीत आहे? आपल्याला माहीत आहे. पण आपण तर बेशुद्ध. सोजरबाईला पहिल्यांदा वाटलं, की हा पोरखेळ नाही.

तेवढ्यात पावलं धावत आली. प्रियदर्शनी, तेजस नावाचा उंच मुलगा आणि आणखी दोघं. त्यांनी तिचं कार्ड वाचलं, श्वास तपासला, तिला स्ट्रेचरवर घेतलं. इथवर सगळं पुस्तकात होतं तसं झालं. मग "वन, टू, थ्री" म्हणून त्यांनी उचललं, आणि दोघांनी थ्रीला उचललं तर दोघांनी थ्री झाल्यावर. सोजरबाई डाव्या अंगाला घसरली. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. चौघं एकाच वेळी एकच पाय टाकत होते, त्यामुळं स्ट्रेचर बैलगाडीसारखं झुलत होतं. शंभर पावलांवर त्यांचे हात भरून आले. तिचं वजन काही कमी नव्हतं आणि याची तिला त्या क्षणी स्वतःलाच लाज वाटली.

उपचार केंद्र फूलबाजाराच्या शेडमध्ये होतं. तिकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर आंब्याचे चार ट्रक आडवेतिडवे उभे होते. भोंगा वाजल्यावर ड्रायव्हर ते जागेवरच सोडून आडोशाला गेले होते. अगदी सांगितल्याप्रमाणे. मागून आणखी दोन स्ट्रेचर येऊन अडकली. चौघांनी सोजरबाईला भर उन्हात खाली ठेवलं आणि मोबाइलवर नकाशा उघडला. नकाशात तिथं नुसता करडा चौकोन होता. तेजस म्हणत होता मागं फिरू, दुसरा म्हणत होता ट्रकखालून सरकवू.

ट्रकखालून हा शब्द कानावर आल्यावर सोजरबाईचा निश्चय डळमळला. तरी ती पंचवीसपर्यंत मोजत थांबली. मग डोळे न उघडता, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "नळाच्या बोळीतनं चला. लसणाच्या गाळ्यामागं हाय."

प्रियदर्शनी दचकली. "काकू, तुम्ही अनकॉन्शस आहात."

"हायेच मी. बेशुद्धीत बरळतीय असं लिव. पण पोरी, आधी उचल, पाठ भाजाया लागली."

त्यांनी उचललं. सोजरबाईनं डोळे मिटलेलेच ठेवले, कारण तेवढं तरी वचन पाळायचं होतं. तिला डोळ्यांची गरजही नव्हती. लसणाचा वास आला की डावीकडं, ओल्या फरशीचा गारवा लागला की सरळ, असं ती सांगत गेली. ही गाळ्यांच्या मागची अरुंद बोळ होती. बायका पाणी भरायला तिथून जायच्या, बाकी कुणाला तिची गरज पडत नसे. पण चौघांना आजूबाजूनं चालता येईल इतकी ती रुंद नव्हती. तोंडाशी येऊन मंडळी पुन्हा थांबली. तेजसच्या हाताला कळ लागली होती आणि तो ती लपवत होता.

शेजारच्याच गाळ्यात संपत आणि त्याची टोळी भिंतीला धरून पालथी पडली होती. संपतनं बराच वेळ दम धरला. आयुष्यभर माल उचलणाऱ्या माणसाला असं उचलणं बघवत नव्हतं. शेवटी तो उठला, अंग झटकलं, स्वयंसेवकांना नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं आणि आपल्या एका गड्याला मागं लावून स्ट्रेचरचे दांडे धरले. "वहिनी, हात आत घ्या," एवढंच बोलला. दोघांनी तिला अशी उचलली, की जमीन सुटल्याचं तिला कळलंच नाही. एकाचा डावा पाय पडला की दुसऱ्याचा उजवा, त्यामुळं स्ट्रेचर जराही झुलत नव्हतं. पाणी भरलेली घागर कडेवर घेऊन आई चालते, तसं काहीसं ते होतं. सोजरबाईनं हेच बघायला हात वर केला होता. बोळीतला गार वारा तोंडावर येत होता, वर चिमण्या ओरडत होत्या, आणि मिटल्या डोळ्यांनी तिला हसू आवरत नव्हतं.

फूलबाजारात ती सगळ्यांत आधी पोचली. डॉक्टरबाईंनी नाडी बघितली आणि रुग्ण बेशुद्ध आहे ना, असं विचारलं. प्रियदर्शनी खोटं बोलणारी मुलगी नव्हती. तिनं घडलं ते सगळं सांगितलं. दिग्विजय मागंच उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, की बेशुद्ध पेशंट रस्ता दाखवत आला, आडोशाला असायचे ते हमाल बाहेर फिरत होते, आणि ट्रक पार करायला बाकीच्यांना अजून वीस मिनिटं लागतील. विमानं थांबायला तयार असतील तर काही अडचण नाही.

एकेक करून बाकीचे जखमी आले. दिग्विजयांनी मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच. आठ नंबर नव्हता.

स्वयंसेवक धावत परत गेले. ओरडणाऱ्या बाईला शोधत होते, पण कुणाच्याही कानावर ओरडणं आलं नव्हतं. एकानं सांगितलं, की ठरलेल्या जागी नुसतं बारदान आहे, बाई नाही. दिग्विजयांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. सराव असला तरी उन्हात माणूस हरवलं होतं.

सोजरबाईनं आता कुणाला विचारलं नाही. ती स्ट्रेचरवरून उठली, बिटाचं रक्त तसंच ठेवून बोळीतून परत निघाली आणि लसणाच्या गाळ्यापाशी उभी राहून तिनं हाक मारली. "कौशे!" ती हाक सगळ्या विभागातून फिरली. उत्तर नाही. तिनं पुन्हा हाक दिली आणि पुढं म्हणाली, "कौशे, एकदा तरी वरड गं. जीव घाबरा झालाय माझा."

मग पोत्यांच्या थप्पीमागून असा काही आवाज आला, की सोजरबाईसुद्धा चपापली. "इकडं हाय मी!" कौशल्या ओरडली. एकदा ओरडल्यावर तिला बहुतेक ते आवडलं, कारण लोक पोचेपर्यंत ती आणखी तीनदा ओरडली. ऊन लागतंय म्हणून ती सावलीला सरकली होती आणि पाय मोडलेला असल्यामुळं तिथंच पडून राहिली होती. ओरडायचा प्रयत्न तिनं केला होता, पण इतक्या लोकांत आवाज निघेना, असं ती पुटपुटली. सोजरबाईनं तिला पाणी पाजलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि वर तिलाच रागावली.

एकसुरी भोंगा वाजला. धोका टळला. सगळं मिळून त्रेचाळीस मिनिटं लागली होती, व्हायला हवी होती पंधरा.

दिग्विजय पायरीवर बसले. सोजरबाई त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला वाटलं होतं आता बोलणी बसणार. पण ते म्हणाले, "मावशी, कार्डांचं तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. माणसं तुम्हाला माहीत आहेत. मला नुसती यादी माहीत होती." मग संपतकडे वळून त्यांनी विचारलं, की पावलं उलटसुलट टाकायची, हे त्याला कुणी शिकवलं. संपत म्हणाला, चौघांनी एकच पाय टाकला की ओझं झुलतं, एवढं यार्डातल्या कुणालाही कळतं. दिग्विजयांनी तेजसकडे बघितलं. तेजसनं कबूल केलं, की सकाळी तासभर हेच शिकवलं होतं.

पुन्हा एकदा करून बघू, असं कौशल्या म्हणाली. तिनं आपणहून काही सुचवल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळं नाही म्हणणं अवघड होतं.

अर्ध्या तासात सगळी मांडणी बदलली. सोजरबाई आणि प्रियदर्शनी पोत्यावर शेजारी बसल्या. सोजरबाई सांगत गेली आणि प्रियदर्शनी कागदावर यार्ड काढत गेली: नळाची बोळ, लसणाची गल्ली, मांजरांचा कट्टा, जिथं फरशी निसरडी आहे ती जागा, चहावालीची झोळी. एकही नाव सरकारी नव्हतं, पण हमालांना विचारलं तर सगळी तोंडपाठ. दहा मिनिटांत तो कागद सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. स्ट्रेचर हमालांनी घ्यायची ठरली. हिंजवडीची मुलं पुढं धावून जखमी शोधणार, पट्ट्या बांधणार आणि कोण कुठं पोचलं ते टिपणार, कारण त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ट्रकच्या ड्रायव्हरांना सांगितलं, की भोंगा वाजला तर आधी गाडी कडेला, मग आडोसा.

भोंगा पुन्हा वाजला. या वेळी कुणी मोबाइल काढला नाही. तेरा मिनिटांत बाराही जखमी फूलबाजारात होते. चहावालीचं मूलही होतं, झोळीसकट. टोळीतल्या एकानं यादीत नसताना ते उचलून आणलं होतं. दिग्विजयांनी घड्याळ दोनदा बघितलं आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही, पण सगळ्यांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला. चहा पिताना प्रियदर्शनी सोजरबाईला म्हणाली, की पुण्यात येऊन तिला तीन वर्षं झाली. कंपनीची बस, ऑफिस आणि हॉस्टेल सोडून तिनं इथलं काही बघितलं नव्हतं, आणि एखाद्या जागेचा कोपरा न कोपरा माहीत असणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं. सोजरबाईनं तिला पिशवीभर कांदे दिले. निवडलेले, एकही मोड नसलेले.

त्या शनिवारी लढाई थांबली. यार्डाला सुट्टी होती, त्यामुळं सोजरबाईला ती बातमी वाघोलीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर कळली. रविवारी बाजार होता तसा सुरू झाला. हॉर्न, पुकारे, शिव्या, सगळं. तो गोंगाट कानावर आल्यावर ती क्षणभर गाळ्यापुढं नुसती उभी राहिली, मग बारदान अंथरून बसली.

पंधरा दिवसांनी दिग्विजय परत आले. त्यांनी संपतची टोळी स्ट्रेचर पथक म्हणून नोंदवून घेतली आणि सोजरबाईला विभागाची वॉर्डन, म्हणजे भोंगा वाजल्यावर माणसं आडोशाला नेणारी, केलं. एक पिवळं जाकीट आणि एक शिट्टी दिली. शिट्टीची तिला काय गरज, असं संपत म्हणाला, पण तिनं ती गळ्यात घातली. आणखी एक काम होतं. वाघोलीतल्या एका मोठ्या सोसायटीला सरावाची अशीच माहिती हवी होती, आणि दिग्विजयांना त्या दिवशी दुसरीकडं जायचं होतं. तुम्ही जाल का, असं त्यांनी विचारलं.

ती सोसायटी म्हणजे तिच्या खोलीमागची बावीस मजल्यांची इमारत निघाली. तिथल्या फाटकातून सोजरबाई कधी आत गेली नव्हती. शनिवारी, यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ती पिवळं जाकीट घालून गेली. कौशल्याला बरोबर घेतलं, कारण एकटीला धीर होत नव्हता. पहारेकऱ्यानं वहीत नाव लिहून घेतलं आणि कामाच्या रकान्यापाशी तो अडला. कौशल्यानंच त्याला "हवाई हल्ला" असं लिहायला सांगितलं. आत हॉलमध्ये साठ-सत्तर खुर्च्या भरलेल्या होत्या. सेक्रेटरींनी दोघींना पुढं बसवलं, पाणी दिलं आणि आपल्याकडं वीस मिनिटं आहेत, असं सांगितलं.

सोजरबाई उठली. तिनं आधी सगळ्यांना विचारलं, की तुमच्या जिन्यावर कोण म्हातारं एकटं राहतं, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाचं लेकरू पाळण्यात आहे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग तिसऱ्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, की चौदाव्या मजल्यावर ते एकटेच असतात. त्यांच्या शेजारच्या दारात राहणाऱ्या मुलीला हे तेव्हा कळलं. ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

सोजरबाई सव्वा तास बोलली. कुणी उठलं नाही, आणि सेक्रेटरींनी घड्याळ बघणं सोडून दिलं.